दोन बोटं माया

कणकवलीला सिनेमा लागला तेव्हा
देवगडाहून आम्ही सातजण गेलो, शशा खवणेकराच्या टेम्पोतून.
पुढच्या सीटवर रत्नाची आई,
मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली
आणि, कुणास ठाऊक का, कोर्टाचं जुनं समन्स.

आधी पाटी आली : सत्य घटनेवर आधारित.
मग दुसरी : सर्व पात्रे काल्पनिक.
बाबल ओरडला, "काय ता एक ठरवा रे!"
मागचे हसले. मीसुद्धा.

पडद्यावर पाऊस. दोन तास नुसता पाऊस.
आमच्याकडे तो मार्च होता,
पेट्यांना खिळे ठोकायचे दिवस.
बर्फाच्या कारखान्यात रत्ना लाद्यांचा हिशेब लिहायची
निळ्या शाईनं, सातचा आकडा जरा आडवा पाडून.
ती वही सिनेमात नाही.
वहीतलं फाडलेलं पान तर नाहीच.

तिथला इन्स्पेक्टर कड्यावर सिगरेट ओढतो
आणि समुद्राकडे बघून त्याला खुनी कळतो.
आमचे हवालदार घाडी समुद्राकडे पाठ करून बसले होते,
उमाळे येत होते म्हणून.
पंचनाम्याला पेन माझं.
"ओहोटीच्या रेषेपासून अंदाजे अठरा पावलं" —
ती पावलं मी चाललो होतो.

शिंपीही आहे सिनेमात.
एक डोळा बारीक, मापं घेताना घाम फुटणारा,
मध्यंतरापर्यंत संशय त्याच्यावर.
सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, त्याची कॉलर बघा.
स्वतःची कॉलर बसत नाही, हा कसला शिंपी!

रत्ना गोरी. पाठीवर नुसती नाडी.
चार मिनिटं जिवंत, त्यातही एक नाच.
बाकी सगळा वेळ मेलेली, आणि किती नीट मेलेली :
केस पाण्यावर पसरलेले, ओठांना रंग.

तीन दिवसांनी खाडीनं परत दिलेलं माणूस तसं नसतं.
जेटीवर चादर उचलून आईला दाखवली तेव्हा
ती म्हणाली, "ह्या माझा चेडू न्हय."
तीनदा विचारलं. तीनदा तेच.
म्हणून घाडी माझ्या दुकानात आले.

चेहऱ्याकडे मी पाहिलंच नाही.
काखेतली शिवण उलटून पाहिली.
आत दोन बोटं माया.
गणपतीत शिवताना मीच म्हणालो होतो,
लग्नानंतर अंग भरेल, तेव्हा उसवून घे.
हूक चार पितळी, पाचवा लोखंडी;
पितळी संपले होते त्या दिवशी.
लोखंडी गंजून कापडात उतरला होता.
"ब्लाऊज माझ्या हातचा," मी म्हणालो,
आणि तेवढ्यावर ती रत्ना ठरली.

कोर्टात वकिलानं विचारलं,
असे हूक आणखी किती जणींना लावलेत?
मी खरं ते सांगितलं. आठवत नाही.

सिनेमातला खुनी बुरुजावरून पडतो. खाली लाटा, वर टाळ्या.
आमचा सुटला, पुराव्याअभावी.
परवा त्यानं पॅन्ट पाठवली मुलाच्या हाती,
दीड इंच आखूड करायला.
मी करून दिली.

शेवटी पुन्हा तेच पाणी, तेच केस.
आई अंधारात मोठ्यानं बोलली,
"ह्या माझा चेडू न्हय."
ह्या खेपेस तिला कुणी परत विचारलं नाही.

नांदगावच्या तिठ्यावर चहाला थांबलो.
बराच वेळ बशीत फुंकर घालत होती, मग म्हणाली,
"रे, त्या चेडवाच्या पोलक्याक माया होती काय रे?"
"नाडयेक खयची माया, काकी."
तिनं मान हलवली,
बशी तशीच खाली ठेवली
आणि शशाला म्हणाली, चल, भरती लागायच्या आत पोचूया.
रस्ता तर डोंगरातून जातो.
कुणी काही बोललं नाही.