लहान पुडी

नांदगावला स्टेशनरोडवरच्या कृषी सेवा केंद्रात
मी सरकी विकायचो.
मोठ्या पाकिटात तेव्हा एक लहान पुडी निघायची,
एकशेवीस ग्रॅम, साध्या कपाशीची.
मी सांगायचो, ही कडेनं लावा,
अळीसाठी आहे.
गिऱ्हाईक हसायचं. अळीला आवतण?
पत्रिका पण छापू का?

समजावणं माझं अर्धंमुर्धं.
म्हणजे बघा, आतल्या झाडात विष मुरवलंय,
पानात, पात्यात, बोंडात.
त्यातून एखादी वाचली, पतंग झाली,
आणि कडेच्या भोळ्या पतंगाशी जुळलं तिचं,
तर पिलावळ पुन्हा मरायला तयार.
कडेला कोणी नसलं
तर वाचलेल्यांची सोयरीक वाचलेल्यांतच.
"आमच्या भावकीसारखी," रंगनाथ बोरसे म्हणाला
आणि पुडी काउंटरवर ठेवून गेला.

दुकान झाडताना अशा पुड्या सापडायच्या.
मी त्या खोक्यात टाकायचो. का, ते सांगता येणार नाही.

मग एका दिवाळीत
डोमकळ्या.
मिटलेल्या, पाकळ्यांना पीळ पडलेल्या.
बोटानं उकलली की आत ती,
गुलाबी,
सरकी खाऊन निवांत.

त्यानंतरचं बियाणं पावतीशिवाय आलं, रात्रीचं.
ते तणनाशक अंगावर घेऊन उभं राहतं म्हणे.
राहिलं.
बोरसेच्या वावरात फवारणीनंतर दहाव्या दिवशी
ओळींमधली जमीन सारवल्यासारखी,
आणि बांधावर ठकूबाई,
विळा पदरात गुंडाळलेला.
बारा बायांची टोळी होती तिची.
मजुरीचं काहीच बोलली नाही.
"केना कुठं गेला रे? पाथरी?
घरी भाजीला काही नाही."

मी दुकानामागं, मोरीच्या पाण्यावर
खोक्यातली सरकी टोचली.
जुनी होती. तीनच उगवली.
भाद्रपद सरता सरता
एका बोंडावर टाचणीएवढं भोक दिसलं.
औषध हाताशी होतं, चौथ्या फळीवर.

ठकूबाई उधारीचं विचारायला आली
तेव्हा झाडांच्या बुडाशी घोळ पसरली होती.
तिनं ती खुडून ओटीत घेतली,
मुळं तशीच ठेवली.
बोंड उचलून भोकाकडे पाहिलं.
"हे कोणाचं?"
मी काही बोलणार,
तेवढ्यात पुढून हाक आली,
कोणाला तरी पंप हवा होता, सोळा लिटरचा.