सहा ते आठ

मेसेज लिहिला : रविवारी, सहा ते आठ.
केक आहे, खेळ आहेत.
मग लिहिलं, जेवण नाही.
खोडलं.
जेवून यावे, लिहिलं.
ते आपणच आपल्या दाराला कडी लावल्यासारखं वाटलं,
तेही खोडलं.

नणंद पुण्याहून म्हणते,
चार ते सहा ठेव, भानगडच नाही.
तिला मे महिना कसा सांगू?
चार वाजता मानेवाड्यात
कुत्रंसुद्धा नालीतून उठत नाही,
डांबर चपलेसोबत दोन पावलं चालतं.
लेकरू कोण पाठवेल?
सहापर्यंत ऊन सोडत नाही,
आठनंतर भूक.
मधल्या फटीत आमचे वाढदिवस.

नवरा कूलरमध्ये पाइप सोडून म्हणाला,
"काऊन इतका विचार करून राहिली?
बोलावलं म्हणजे जेवू घालायचं."
हौ.
बोलावणारी मी, घालणारी मी,
हा पाणी घालणार. कूलरला.

तितरमारेंनी तर बेसा रोडवर हॉल घेतला होता.
चौदा पदार्थ. मी मोजले.
पास्त्याच्या काउंटरवर टोपीवाला माणूस.
आणि माझी साची घरी येऊन चप्पल काढता काढता,
"आई, वरणभात."

अजनीच्या रेल्वे क्वार्टरात माझी आई
कुठे पाठवायच्या आधी दोन घास कोंबायची :
कोणाच्या दारी उपाशी जाऊ नये.
तीच आई, कोणी आलं की हात धरून बसवायची :
आपल्या दारून उपाशी जाऊ नये.
साऱ्याच आया अशा.
म्हणजे आम्ही भरल्या पोटी जायचो,
भरल्या पोटी वाढलं जायचं,
नको नको म्हणत अर्धं टाकायचो,
आणि त्या दोन नियमांच्या मधे
गंजभर मसालेभात उरायचा.
दुसऱ्या दिवशी तोच आमचा डबा.

शेवटी पाठवला तो मेसेज अर्धाच होता.
सहा ते आठ. केक, खेळ.
पुढचं ज्यानं त्यानं समजावं.

अकरा मुलं आली,
न बोलावलेले दोन लहान भाऊ,
आणि एक बाबा, जे "सोडून जातो" म्हणाले
आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसले ते बसलेच.
केक कापला. वेफर्स वाटले. रसना संपलं.
सात वीसला स्वयंपाकघराच्या दारात
विहंग खोब्रागडे,
कागदी टोपीचं रबर हनुवटीखाली,
"काकू, जेवाले काय आहे?"
मी म्हटलं, पार्टीत जेवण नाही रे बेटा.
त्यानं मान हलवली. पटलं त्याला.
"हौ. पण भूक तर आहे ना."

सकाळच्या सहा पोळ्या होत्या.
कुस्करल्या. कांदा, दाणे, हिरवी मिरची बेतानं,
वरून सांबार.
एका बशीपुरतंच करणार होते, खरंच.
पण फोडणी कोणाचं ऐकते?
बाहेर गाणं चालू, खुर्च्या रिकाम्या,
आणि ओट्याशी तेरा टोप्या.
पोळ्या संपल्या, ब्रेड कुस्करला.
ब्रेड संपला, सकाळचा भात काढला.
खुर्चीतल्या बाबांनीही चमचा मागितला,
"टेस्टपुरतं."

रात्री विहंगच्या आईचा मेसेज :
सॉरी हं, त्यानं त्रास दिला म्हणे.
दोन पोळ्या खाऊन निघाला होता घरून.
तो सगळीकडे असंच विचारतो.

मी उभ्यानंच वाचला, परत वाचला.
मग भूक होती की नव्हती?
की नुसतं पाहायचं होतं त्याला,
या घरात कोणी विचारलं तर काय होतं?

फ्रीजमध्ये अर्धा केक उरलाय,
त्यावर "साची"मधली फक्त "ची".
कढई पाण्यात टाकली.
तेवढ्यात मागून, टॉवेल खांद्यावर,
"अन् आपल्याले? जेवाले काय आहे?"

केक, मी म्हटलं.