वळचणीचं पाणी

फोर्क्सच्या खाली, नदी समुद्राला मिळते तिथे
वर्षाला बारा फूट पाऊस.
मी मोजलेला नाही. लिओटा सॅमसनच्या भिंतीने मोजलाय:
फरशीपासून गुडघ्यापर्यंत काळी बुरशी,
गुडघ्यापासून खिडकीपर्यंत हिरवी,
त्यावर सरकारी पांढरा रंग, तीनदा.

घर सत्तरच्या दशकातलं, नकाशा कुठल्याशा वाळवंटातला.
वळचण सहा इंच.
"टोपीशिवाय पावसात उभं केलेलं पोर," ती म्हणते,
"खोकणारच."

मी घेऊन आले होते चारशे ऐंशी चौरस फूट:
मोटेलच्या टेबलावर रात्रभर चिकटवलेलं मॉडेल,
ऊन कुठून, वारा कुठून, बाणच बाण.
तिने छप्पर उचललं,
भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचलावं तसं,
आणि वाकून आत पाहिलं.
"मासे कुठे टांगायचे धुरावर?"
मी मागची शेड दाखवली.
"आणि माणूस गेलं की चाळीस जण कुठे बसायचे?"
त्याला माझ्याकडे बाण नव्हता.

डेल्बर्टने मला रानात नेलं.
कोपरापर्यंत शेवाळ, बूट फसणारे.
एक सीडर (देवदार म्हणायचं नाही, स्वतःला बजावलं,
तो वेगळा, त्याचे डोंगर वेगळे),
खोडात उभी लांब खाच, दोन पुरुष उंच,
कडा भरत आलेल्या.
"इथून फळी काढली. पाचरी ठोकून.
कधी, ते माहीत नाही.
झाड आहे अजून."
मी टेप लावला. अठरा इंच.
मग टेप खिशात टाकला
आणि उगीचच खाचेत हात घालून उभी राहिले,
दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखी.

हिवाळाभर खोडत बसले.
वळचण तीन फूट झाली, मग पाच.
जोतं गेलं, खांब आले, खालून वारा.
तीन घरं एकमेकांना खेटून,
मधल्या भिंती बिजागऱ्यांवर:
दुमडल्या की एकच लांब खोली.
शाळेच्या जिममध्ये खडूने आखून, खुर्च्या मांडून पाहिलं.
एकोणचाळीस मावले.
चाळिसावा डेल्बर्ट. म्हणाला,
मी नाहीतरी बाहेरच असतो, विस्तवापाशी.

आणि हे सगळं टेकडीवर.
खालचं गाव समुद्राच्या वाटेत आहे,
मला हे निळ्या रेघांवरून कळलं,
लिओटाला रेघांशिवाय.

एका संध्याकाळी तिला आमची म्हण सांगितली.
आढ्याचं पाणी वळचणीलाच यायचं.
छपराचं सगळं शास्त्र एवढंच, म्हटलं,
उलटं कधी होत नाही.
वळचण म्हणजे काय, ते दोन्ही हातांनी करून दाखवलं.
ती स्टोव्हमध्ये लाकूड सारत होती.
"एकदा झालंय," म्हणाली.
"होड्या झाडांच्या शेंड्यांना बांधल्या होत्या आमच्या लोकांनी."
एवढंच. मग चहा.

शेवटच्या नकाशात तिने एकच बदल सांगितला:
आढ्याच्या तुळईला, बाहेरच्या अंगाला, एक लोखंडी कडी.
टेकडीवर? मी विचारलं.
टेकडीवर.

परवान्याच्या ऑफिसात तपासनिसाचं पेन
बरोबर तिथेच थांबलं.
ही कशाला?
त्याच्या कोटाला ओल्या लोकरीचा वास होता.
कंदिलासाठी, मी म्हटलं.
त्याने कडीभोवती गोल केला, बाजूला लिहिलं: भार किती?
मी तिथेच बसून हिशेब केला,
एक सीडरची होडी, चौदा माणसं, भिजलेला दोर,
आणि आकडा लिहून दिला.
कंदिलाला जरा जास्तच होता.
त्याने आकड्याकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं,
शिक्का मारला.