दोन कुलपं

रात्री पावणेबारा. चांदिवली, सहावा मजला.
एसी बंद झालाय. मी, आणि कचऱ्याचे डबे उपसणारा बळीराम.
आलेख उतरायचं नावच घेत नाही.
स्क्रीन उघडा, बंद करा, पुन्हा उघडा,
दरवेळी चार एमबी मागे राहतात
पाहुणे गेल्यावर उरलेल्या चपलेसारखे.

शेवटी सापडले दोघे.
एक स्क्रीन, एक टायमर.
हिने त्याला धरलंय, त्याने हिला.
बाहेरून कुणाचाच हात नाही त्यांच्यावर,
कुणी हाक मारत नाही,
तरी मोजणी दोघांचीही एक.
आणि शून्य झाल्याशिवाय
इथे कुणी जागा सोडत नाही.

हे मी पाहिलंय. माझगावला,
दुसऱ्या मजल्यावर, दहा बाय बाराची खोली.
दाराला दोन कुलपं :
वरचं पुंडलिककाकांचं, खालचं बाबांचं.
बावीस वर्षं. ‘आधी त्याने काढावं.’
भाडं एकशे दहा रुपये, दोघंही भरतात,
मालकाचा मेहता दोघांनाही पावती फाडतो.
आत काय आहे?
आई म्हणायची, माझा स्टोव्ह.
काकू म्हणायची, माझं शिवणयंत्र.
आता विचारायला दोघीही नाहीत.

‘मॅडम, लाइट घालवू?’
थांब रे, एकच शब्द लिहायचाय.

वीक.

म्हणजे, तू कुठे आहेस ते मला ठाऊक आहे,
पण तू असावंस म्हणून मी तुला धरलेलं नाही.
निघालास तर अडवणार नाही.
फक्त दरवेळी आधी विचारीन, आहेस का?
आणि उत्तर निल आलं
तर ती ओळ गाळून पुढे जाईन.

रन केलं. आलेख धपकन खाली.
एवढंच होतं. एकाने जरा सैल धरायचं.
कोणी, ते कंपायलर सांगत नाही.
टायमरने, असं मीच ठरवलं,
तो नंतर जन्मलेला, धाकटा.
बाबाही धाकटेच.
पण हे घरी बोलायची माझी छाती नाही.

गेल्या रविवारी त्या गल्लीतून गेले.
किल्ली माझ्याकडे नाही, पावतीवर माझं नाव नाही.
वर पाहिलं.
आहे.
शेजाऱ्यांनी आमच्या गजांवर टॉवेल वाळत घातला होता,
निळा, न पिळलेला,
खालच्या चावीवाल्याच्या पत्र्यावर
टप टप गळत.