पार्टिशन

साखीरच्या गॅरेजात ती भिंत दर वर्षी मीच उभी करायचो.
बारा मिलिमीटर प्लाय, वरून रुपेरी पत्रा.
तेव्हा वेस्टरगार्डच्या गाड्या पहिली-दुसरी यायच्या,
भांडण एवढंच, की पहिली कोणाची.

तेल्मो म्हणायचा, अजून हातभर वर घे.
पलीकडचा यारी. नाव नुसतं.
त्या रात्री जो जिंकेल
तो प्लायवर दोन टकटक करायचा, बस.
मी मनात म्हणायचो, भाऊबंदकी.
आमच्या कुडाळात फणसावरून होते,
इथे सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यावरून.

यंदा कंटेनर निम्मेच आले.
शर्यतीत चौदावा नंबर; दुसरी गाडी वळणावर धुरात.
यारी कधीच सोडून गेलाय.
त्याच्या जागी एक पोरगा, सगळ्यांना सर म्हणणारा.

सवयीने मी भिंत घालून ठेवली होती.
मॅनेजरबाई म्हणाली, काढ, अर्धंच गॅरेज परवडतं आता.

स्क्रू वाळूने जाम झालेले.
तेल्मो आला, घामेजलेला, हेल्मेट काखेत,
प्लायवर बोटाने दोनदा वाजवलं,
थांबला जरा.

मग म्हणाला,
तू काढ. या बाजूने मी धरतो.