पंचवीस वातावरणं

कुलाब्याच्या प्रयोगशाळेत हेलियम भरताना
कोयंडेबाई मीटरकडे बघत नाहीत,
नळीची फुसफुस ऐकतात.
आत उणे दोनशे एकोणसत्तर.
बाहेर मे महिना; दमट हवा नळीला चिकटते
आणि पांढरी होऊन बसते.

नवा पोरगा, तन्वीर: अजून गार केलं तर गोठेल?

आर्गॉन गोठतो. झेनॉन तर केव्हाच.
हा नुसत्या थंडीला बधत नाही,
शून्याच्या दारात नेलास तरी वाहतोच.
पंचवीस वातावरणं अंगावर घाल,
मग बघ.

नवरा गेला तेव्हा
बाई तिसऱ्या दिवशी कामावर होत्या.
चौदाव्याला दिरांनी माहीमच्या खोलीचे कागद
पुढे सरकवले, पेन हातात दिलं.

व्हॉल्व्ह जरा सैल कर, म्हणतात.
सुटलेला वायू छताखालच्या पिशवीत
परत जमू लागतो.