विमानाचा प्रकार

डेन्व्हरच्या पूर्वेला, जिथे गवत संपता संपत नाही,
धावपट्टी ओतत होते तेव्हा डेल्बर्ट आर्चुलेटाने
ओल्या काँक्रीटमध्ये कोपरापर्यंत हात घालून
सेन्सर पुरले. चारशे बारा.
प्रत्येकाची वायर वेगळी, प्रत्येकाला नंबर,
आणि वहीत, पेन्सिलीने, प्रत्येकापुढे एक ओळ:
२१९ – व्हायब्रेटरचा धक्का बसला. बहुतेक जगेल.
७३ – कोपऱ्यात, जरा तिरका बसला. माझी चूक. माफ कर.
कुणाची माफी, ते लिहिलेलं नाही.

मी आले तेव्हा तो निवृत्त होऊन गेला होता.
वही माझ्या ड्रॉवरमध्ये, सिमेंटच्या बोटांसकट.

माझं काम साठवण्याचं.
विमान येतं, पट्टीकडेचा किरण तुटतो,
यंत्र जागं होतं, चाळीस सेकंद लिहितं, झोपतं.
तीनशे टन अंगावरून जातात
आणि स्लॅब दबतो केसाएवढा.
त्या केसाची मी निगा राखते:
तारीख, वेळ, चाकांची मांडणी,
वरच्या थराचं तापमान, खालच्या मातीचं.
सोळा वर्षांचे केस आहेत माझ्याकडे.
पहिल्या चार वर्षांचे टेपवर होते,
आणि टेप वाचणारं यंत्र मिळालं
प्युब्लोच्या एका शाळेच्या अडगळीत.
मागच्या सीटवर पट्टा बांधून आणलं त्याला,
वळणावर हळू घेत, जसं आपण आजारी माणसाला आणतो.

सेन्सर मरतात. पाणी शिरतं, वायर कुजते.
नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगते,
मेलेल्याला शून्य लिहायचं नाही.
शून्य म्हणजे विचारलं, आणि त्याने सांगितलं, काही नाही.
मेलेल्यासाठी उणे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव,
एवढा मोठा आकडा, की चुकूनही कुणी
त्याला जिवंतांच्या सरासरीत धरू नये.
आता एकशे सदतीस उरलेत.
त्र्याहत्तर आहे. तिरका, पण आहे.

जानेवारीत तो बर्फ आला.
विमानतळ बंद. पट्टीवर चिटपाखरू नाही.
बर्फ किरणाच्या तोंडावर साचला
आणि यंत्राला वाटलं, विमान उभं आहे.
जात का नाही, असं त्याला विचारता येत नाही.
ते लिहीत राहिलं. साडेनऊ तास.

सकाळी वेंडेल ऑस्ट्रँडर म्हणाला, खोटी नोंद, पुसून टाक,
डिस्क आधीच गळ्यापर्यंत आलीय.
बरोबरच होतं त्याचं. मी पुसायलाच उघडली.
चारशेपैकी बहुतेक रेषा सपाट, मेलेल्या तर मेलेल्याच,
आणि त्र्याहत्तर चढत होता.
सावकाश. मध्यरात्री थोडा, तीनला आणखी,
पहाटे, वरचा थर सगळ्यात गार असताना, सगळ्यात जास्त.
स्लॅबचा कोपरा उचलला जात होता,
झोपेत पांघरुणाबाहेर पाय काढावा तसा.
अंगावर कुणी नसताना.
आणि आम्ही सोळा वर्षं त्याला
फक्त कुणी अंगावर आल्यावरच हटकत होतो.

डेल्बर्टला फोन लावला. अँटोनिटोत असतो, मेंढ्यांत.
बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला,
सरळ असता तर दिसलं नसतं त्याला.
मी म्हटलं, मग ती माफी?
तो म्हणाला, राहू दे. खोडू नकोस.
आणि तिकडे बर्फ किती पडला, विचारलं.

फाइल ठेवली. पण टेबलमध्ये एक रकाना आहे,
विमानाचा प्रकार. तो रिकामा सोडता येत नाही,
सोडला तर नोंदच आत घेत नाही.
दोनदा नाकारली त्याने.
तिसऱ्यांदा मी टाइप केलं: बर्फ.
वजन: माहीत नाही.
चाकं: शून्य. विचारलं होतं. नव्हती.